महावग्गातील भगंदर-प्रसंग आणि अर्शोयंत्राचा इतिहास

विनयपिटकाच्या महावग्गातील सहावा खंधक ‘भेसज्जक्खंधक’ या नावाने ओळखला जातो. भिक्खूंनी आजारपणात कोणती औषधे घ्यावीत, ती किती काळ जवळ बाळगावीत, कोणते उपचार करून घ्यावेत यासंबंधीचे नियम त्यात आले आहेत. तूप, लोणी, तेल, मध व काकवी या पाच औषधांपासून अंजनाच्या डबीपर्यंत अनेक बारीकसारीक गोष्टींचा त्यात विचार केलेला आहे. याच खंधकात गुदद्वाराच्या शस्त्रकर्माचा एक प्रसंग आहे. तो वाचताना आपल्याकडे बहुधा संकोच आड येतो आणि वाचक पुढच्या नियमाकडे वळतो. प्रस्तुत लेखात त्या प्रसंगाचा आणि त्याच्याशी निगडित असलेल्या एका उपकरणाचा, म्हणजे गुदद्वार तपासण्याच्या धातूच्या नळीचा, विचार करावयाचा आहे. मूळव्याध आणि भगंदर हे रोग पूर्वी होते तसे आजही आहेत. त्यांच्या तपासणीची नळीही आकाराने फारशी बदललेली नाही. बदलले आहे ते निराळेच.

प्रथम प्रसंग पाहू. तथागत राजगृहात वेळुवनातील कलंदकनिवापात राहत होते. तेथील एका भिक्खूला भगंदराचा विकार झाला होता आणि आकासगोत्त नावाचा वैद्य त्याच्यावर शस्त्रकर्म करीत होता. त्या वेळी तथागत भिक्खूंची निवासस्थाने पाहत फिरत फिरत तेथे आले. त्यांना दुरून येताना पाहून आकासगोत्ताने हाक मारली आणि या भिक्खूचे गुदद्वार पाहावे, ते घोरपडीच्या तोंडासारखे दिसते, असे तो म्हणाला. हा मनुष्य आपली थट्टा करीत आहे हे ओळखून तथागत काहीही न बोलता तेथूनच परतले. त्यांनी संघ एकत्र केला, अमुक विहारात कोणी भिक्खू आजारी आहे काय, त्याला काय होत आहे, याची चौकशी केली आणि गुह्य भागावर शस्त्रकर्म करून घेण्यास मनाई केली. त्यासाठी थुल्लच्चय हा दोष ठरविण्यात आला. पुढे षड्वर्गीय भिक्खूंनी शस्त्रकर्मास बंदी आहे म्हणून बस्तिकर्म करून घ्यावयास आरंभ केला. तेव्हा गुह्य भागापासून दोन अंगुळांच्या आत शस्त्रकर्म किंवा बस्तिकर्म करू नये असा नियम पूर्ण झाला.

वरवर वाचणाऱ्यास हा नियम शस्त्रवैद्यकाच्या विरुद्ध वाटेल. तसे म्हणता येत नाही. याच खंधकात काही परिच्छेद आधी गळवावर शस्त्रकर्म करण्याची अनुज्ञा दिलेली आहे. जखमेवर बांधावयाची पट्टी, जखम धुण्याचा काढा, वाढलेले मांस मिठाच्या खड्याने काढणे, जखमेला लावावयाचे तेल हे सर्व तेथे क्रमाने मान्य केले आहे. ज्या संघाने फोड फाडण्यास संमती दिली त्यानेच केवळ या एका स्थानी ती नाकारली, याचे कारण तेथेच नोंदविलेले आहे. कारणे तीन आहेत. या ठिकाणची त्वचा नाजूक असते. येथील जखम भरून येण्यास कठीण असते. आणि येथे शस्त्र चालविणे कठीण असते. आजच्या शल्यचिकित्सकास भगंदराच्या शस्त्रक्रियेतील अडचणी विचारल्या तर तो याच तीन गोष्टी आपल्या परिभाषेत सांगेल. विष्ठेच्या मार्गावरील जखम दररोज मलिन होते. मलावरोध करणारे स्नायू त्याच जागी असल्याने शस्त्र किंचित अधिक गेले तर रुग्णाचा मलावरचा ताबा कायमचा जातो. आणि जागा अरुंद व अंधारी असल्याने हात कोठपर्यंत गेला हे डोळ्यांना दिसत नाही. अरुंद जागा याच अर्थी पालीतील ‘संबाध’ हा शब्द येथे गुह्य भागासाठी आला आहे.

तेव्हा नियम करणाऱ्यांना या रोगाची प्रत्यक्ष माहिती होती. भिक्खूंची जीवनपद्धती पाहता त्यात आश्चर्य नाही.

भगंदराचा दुसरा उल्लेख महावग्गाच्या आठव्या खंधकात, जीवकाच्या चरित्रात येतो. मगधराज बिंबिसाराला हा रोग जडला होता. त्याची वस्त्रे रक्ताने डागाळत आणि ते पाहून राण्या त्याची टर उडवीत. महाराज आता ऋतुमती झाले, लवकरच प्रसूतही होतील, असे त्या म्हणत. राजा लज्जित झाला. त्याने अभय राजकुमाराला योग्य वैद्य शोधण्यास सांगितले आणि अभयाने तक्षशिलेहून सात वर्षांचे शिक्षण घेऊन आलेल्या तरुण जीवकाचे नाव सुचविले. जीवकाने नखात औषध घेतले, राजाकडे जाऊन रोग पाहिला आणि एकाच लेपाने तो बरा केला, असे कथा सांगते. एका लेपाने खरा भगंदर बरा होत नाही. तो कदाचित मूळव्याधीचा अथवा गुदद्वाराच्या चिरेचा प्रकार असावा असे आजचा वैद्य म्हणेल आणि कथेतील अतिशयोक्ती वजा करील. माझ्या दृष्टीने महत्त्वाचे ते निराळे आहे. हाच जीवक राजगृहाच्या श्रेष्ठीची कवटी उघडतो, वाराणसीच्या श्रेष्ठिपुत्राचे पोट फाडून आतड्याची गाठ सोडवितो. शस्त्र त्याच्या हाती होते. गुदद्वाराच्या ठिकाणी मात्र कथाकाराने त्याच्या हाती शस्त्र दिले नाही, नखावरचा लेप दिला. विनयाचा नियम आणि जीवकाची कथा या ठिकाणी एकमेकांशी जुळतात.

आणखी एक साम्य आहे. दोन्ही प्रसंगांत रोग्याची थट्टा होते. भिक्खूची थट्टा वैद्य करतो, राजाची थट्टा त्याच्या राण्या करतात. या रोगाला हसणे इतके सार्वत्रिक होते, आणि आहे, की रुग्ण तो लपवून ठेवतो व अखेरच्या अवस्थेत वैद्याकडे येतो. आपल्या खेड्यांतून आणि वस्त्यांतूनही मूळव्याधीचा रोगी दवाखान्यापेक्षा रस्त्याच्या कडेच्या जाहिरातीवर अधिक विश्वास ठेवतो, त्याचे कारण बहुतांशी ही लाज होय.

आता उपकरणाकडे वळू. शस्त्र चालविणे कठीण, या तिसऱ्या कारणाला शल्यवैद्यकाने जे उत्तर दिले ते सुश्रुतसंहितेत वाचावयास मिळते. या ग्रंथात एकशे एक यंत्रे सांगितली असून त्यांपैकी वीस नाडीयंत्रे, म्हणजे पोकळ नळ्या आहेत. अर्शोयंत्र हे त्यांतील एक. त्याचे माप चिकित्सास्थानाच्या सहाव्या अध्यायात दिलेले आहे. ते लोहाचे, हस्तिदंताचे, शिंगाचे किंवा लाकडाचे असावे. आकार गायीच्या सडासारखा, म्हणजे टोकाकडे निमुळता. लांबी चार अंगुळे. पुरुषांसाठी परीघ पाच अंगुळे व स्त्रियांसाठी सहा. अंगुळ म्हणजे सुमारे पावणेदोन ते दोन सेंटीमीटर धरले तर लांबी सात-आठ सेंटीमीटर आणि पुरुषांच्या यंत्राचा व्यास तीन सेंटीमीटरच्या आसपास येतो. आज दवाखान्यात वापरल्या जाणाऱ्या लहान प्रॉक्टोस्कोपची लांबी याच्या जवळपासच असते. नळीच्या बाजूस तीन अंगुळे लांब आणि अंगठ्याच्या जाडीचे छिद्र असावे आणि तळाशी अर्ध्या अंगुळावर उंच कडे असावे, म्हणजे नळी मापाबाहेर आत जाणार नाही.

ग्रंथकाराने दोन प्रकारच्या नळ्या सांगितल्या आहेत, हे येथे विशेष लक्षात घेतले पाहिजे. नुसते पाहावयाचे असेल तेव्हा दोन छिद्रांची. शस्त्र, क्षार अथवा अग्नी यांचा प्रयोग करावयाचा असेल तेव्हा एकाच छिद्राची. एका छिद्रातून केवळ रोगट भाग नळीत डोकावतो, उरलेले अंग धातूच्या भिंतीआड सुरक्षित राहते. त्यामुळे शस्त्र, क्षार किंवा डाग आपली मर्यादा ओलांडीत नाही, असे कारण तेथे दिले आहे. म्हणजे विनयातील तिसऱ्या कारणाचे उत्तर या भिंतीने दिले. हात चुकला तरी धातू चुकू देत नाही, अशी ही योजना आहे. पाहण्याचे साधन आणि मर्यादा घालण्याचे साधन एकाच वस्तूत आणणे ही साधी गोष्ट नव्हे.

प्रत्यक्ष कर्माचे वर्णनही तितकेच बारकाईचे आहे. निरभ्र दिवस निवडावा. रुग्णाला आधी स्निग्ध व हलके अन्न द्यावे. फळीवर किंवा पलंगावर त्याला असे निजवावे की गुदभाग सूर्याकडे येईल. शरीराचा वरचा भाग दुसऱ्या माणसाच्या मांडीवर टेकलेला असावा आणि कंबर वस्त्राच्या गुंडाळीने किंचित उचललेली असावी. पट्ट्याने बांधून परिचारकांनी त्याला धरावे. मग यंत्राला तूप लावून, रुग्णास कुंथावयास सांगून, ते सरळ व हळूहळू आत सरकवावे. कोंब दिसला की तो शलाकेने दाबून, कापसाने पुसून, त्यावर क्षार लावावा. यंत्राचे तोंड तळहाताने झाकून शंभर मात्रा मोजाव्यात. कोंबाचा रंग पिकलेल्या जांभळासारखा झाला म्हणजे आंबट कांजीने क्षार शमवावा, ज्येष्ठमध घातलेले तूप लावावे, यंत्र काढून रुग्णास उठवावे आणि कोमट पाण्यात बसवावे. अनेक कोंब असतील तर ते एकाच दिवशी जाळू नयेत. सात सात रात्रींच्या अंतराने एकेक घ्यावा. दिवा सूर्याचा, बधिरीकरण नाही, वेळ मोजण्याचे साधन म्हणजे उच्चार. एवढ्या साधनांत जे करता येईल ते सर्व येथे केलेले आहे. दुसऱ्या माणसाच्या मांडीवर टेकलेले रुग्णाचे डोके हा तपशील मला नेहमी थांबवितो. शस्त्रकर्माच्या ग्रंथात तो आवश्यक म्हणून आला आहे, दया म्हणून नव्हे. पण त्या माणसाला त्याचा जो उपयोग झाला असेल तो दोन्ही अर्थांनी सारखाच.

यावरून विनयातील नियमाचे उत्तर म्हणून सुश्रुताने हे यंत्र घडविले, असे विधान कोणी करू नये. सुश्रुतसंहिता एका काळात व एका हाताने रचलेली नाही; तिचे थर अनेक शतकांचे आहेत आणि पाली विनयाशी तिचा थेट संबंध दाखविणारा पुरावा नाही. मात्र दोन्ही ग्रंथांचे जग फार दूर नव्हते. भेसज्जक्खंधकात अंजनाच्या डब्या आणि शलाका कशाच्या असाव्यात याची यादी आहे: हाड, हस्तिदंत, शिंग, वेत, बांबू, लाकूड, लाख, फळाचे कवच, धातू, शंख. सोने-चांदी तेवढी वर्ज्य. सुश्रुताने अर्शोयंत्रासाठी सांगितलेले चारही पदार्थ या यादीत आहेत. म्हणजे विहारातील भिक्खू आणि शल्यवैद्य एकाच कारागिराकडून वस्तू घेत असावेत, असे म्हणण्यास हरकत नाही. केनेथ झिस्क यांनी १९९१ च्या आपल्या ग्रंथात भारतीय वैद्यकाच्या घडणीत श्रमणसंघांचा, विशेषतः बौद्ध विहारांचा, वाटा मोठा होता असे प्रतिपादन केले. त्यांच्या सर्वच निष्कर्षांवर अभ्यासकांचे एकमत नाही. परंतु पुरातत्त्वाचा एक भक्कम आधार आपल्या परिचयाच्या विद्वानाने दिलेला आहे. अनंत सदाशिव आळतेकर आणि विजयकांत मिश्र यांनी १९५१ ते १९५५ या काळात पाटण्याजवळ कुम्रहार येथे केलेल्या उत्खननात आरोग्यविहारातील भिक्षुसंघाचा उल्लेख असलेली मातीची मुद्रा मिळाली. ती चौथ्या-पाचव्या शतकांतील आहे. त्याच सुमारास पाटलिपुत्रात आलेल्या फाहियानने तेथील धर्मार्थ रुग्णालयांचे वर्णन करून ठेवले आहे.

वाग्भटाच्या अष्टांगहृदयात हेच अर्शोयंत्र जवळजवळ याच मापांनी पुन्हा येते. अष्टांगसंग्रहाचा आरंभ बुद्धवंदनेने होतो, हे वाचकांस ठाऊक असेलच. वाग्भट छिद्र नसलेल्या अशाच एका नळीची भर घालतो. तिचे नाव शमीयंत्र व काम कोंब दाबणे. भगंदराच्या नळीविषयी तो सांगतो की छिद्राच्या वरच्या बाजूची कडा काढून टाकावी. ज्याने उपकरण हातात धरले त्यालाच असा फरक सुचतो. या यंत्रांची जी चित्रे आपण पुस्तकांत पाहतो, उदाहरणार्थ कलकत्ता विश्वविद्यालयाने १९१३-१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गिरींद्रनाथ मुखोपाध्याय यांच्या ग्रंथातील, ती मुख्यतः वर्णनावरून रेखाटलेली आहेत, हेही सांगितले पाहिजे.

उपकरणाच्या इतिहासाला दुसरीही बाजू आहे आणि ती क्वचितच लिहिली जाते. नळी आत जाते, बाहेर येते, आणि पुढच्या रुग्णासाठी ती पुन्हा लागते. मधल्या काळात ती कोणीतरी धुतो. सुश्रुताने यंत्रांचे बारा दोष सांगितले. ते जाड, ठिसूळ, वाकडे, सैल, खिळा ढिला झालेले असू नये, असे बजावले. ती धुणाऱ्या माणसाविषयी मात्र तो काही सांगत नाही. ज्या समाजात मनुस्मृतीने चिकित्सकाचेच अन्न वर्ज्य ठरविले आणि श्राद्धाच्या पंक्तीतून त्याला वगळले, तेथे चिकित्सकाच्या हाताखालच्या माणसाची स्थिती काय असेल याची कल्पना करता येते. देवीप्रसाद चट्टोपाध्याय यांनी १९७७ मध्ये वैद्याच्या या अवनत स्थानाकडे सविस्तर लक्ष वेधले होते. भारतीय रुग्णालयांत विष्ठेशी संबंध येणारी कामे आधुनिक काळातही कोणत्या जातींवर टाकली गेली, हे या नियतकालिकाच्या वाचकांना मुद्दाम सांगावयास नको.

या पार्श्वभूमीवर आठव्या खंधकातील तो सुप्रसिद्ध प्रसंग वाचावा. अतिसाराने पीडित एक भिक्खू स्वतःच्या मलमूत्रात पडला होता आणि तो संघाच्या काही उपयोगाचा नाही म्हणून सोबती त्याच्याकडे पाहत नव्हते. तथागतांनी आनंदाकडून पाणी आणविले. त्यांनी पाणी ओतले, आनंदाने धुतले. एकाने डोक्याकडून व दुसऱ्याने पायाकडून उचलून त्याला मंचकावर ठेवले. आकासगोत्ताच्या प्रसंगातील मौन आणि येथील पाण्याचे भांडे एकत्र ठेवून पाहिले म्हणजे तथागत शस्त्रकर्माच्या जागेवरून का परतले, याविषयी संशय राहत नाही. गुदद्वाराची किंवा विष्ठेची किळस हे त्याचे कारण नव्हते.

नळी कोणाच्या शरीरावर वापरून शिकावी, हा प्रश्नही येथेच येतो. सुश्रुताने विद्यार्थ्यांचा सराव भोपळा, काकडी, कोहळा यांवर ठेवला. बस्तीची नळी आत सरकविण्याचा सराव पाण्याने भरलेल्या घड्याच्या बाजूच्या छिद्रावर किंवा दुधी भोपळ्याच्या तोंडावर करावा असे सांगितले. युरोपात याहून निराळे घडले. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याला भगंदर झाला, तेव्हा शार्ल-फ्रांस्वा फेलिक्स या शल्यवैद्याने अनेक महिने रुग्णालयांतील गरीब रोग्यांवर शस्त्रकर्माचा सराव केला आणि त्यासाठी वाकडे, सडपातळ असे खास पाते घडवून घेतले. १८ नोव्हेंबर १६८६ रोजी व्हर्साय येथे राजावर शस्त्रकर्म झाले. राजा बरा झाला, वैद्याला धन व मान मिळाला, दरबारात या रोगाची प्रतिष्ठाही वाढली. ज्यांच्या शरीरावर ती विद्या मिळविली त्यांची नावे इतिहासाने ठेवली नाहीत. अमेरिकेत १८४५ पासून पुढे चार वर्षे मॅरियन सिम्स याने गुलाम स्त्रियांवर, बधिरीकरणाशिवाय, पुनःपुन्हा शस्त्रकर्मे करून योनिमार्ग उघडून पाहण्याचे आपले उपकरण सिद्ध केले. त्याचा आरंभ वाकविलेल्या चमच्यापासून झाला होता. अनार्का, बेट्सी आणि लूसी ही तीन नावे तेवढी उरली आहेत.

पश्चिमेकडील उपकरणाचा जुना इतिहास थोडक्यात सांगतो. हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या मूळव्याध व भगंदर या विषयांवरील ग्रंथांत गुदद्वार उघडून पाहण्याच्या साधनाचा उल्लेख आहे. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई नगरीतून कांस्याचे, दोन पात्यांचे असे एक साधन मिळाले व ते नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. मुठी दाबल्या की पाती फाकतात. त्यात व सुश्रुताच्या नळीत फरक असा की ते मार्ग उघडते, पण बाजूचे अंग झाकीत नाही.

अडचण उजेडाची होती आणि ती फार काळ तशीच राहिली. १८०६ च्या सुमारास फ्रँकफुर्टच्या फिलिप बोझिनी याने मेणबत्ती आणि आरसे बसविलेले एक साधन तयार केले. त्याला शरीराच्या निरनिराळ्या द्वारांसाठी निरनिराळ्या नळ्या जोडता येत. व्हिएन्नाच्या वैद्यकीय विद्याशाखेने त्यावर प्रतिकूल अभिप्राय दिला आणि १८०९ मध्ये, वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, रुग्णांची सेवा करताना जडलेल्या ज्वराने बोझिनी वारला. १८३५ मध्ये लंडनला फ्रेडरिक सामन याने केवळ गुदरोगाच्या गरीब रुग्णांसाठी सात खाटांचे रुग्णालय काढले. तेच पुढे सेंट मार्क्स या नावाने प्रसिद्ध झाले. १८९५ मध्ये बाल्टिमोरच्या हॉवर्ड केली याने लांब धातूच्या नळ्यांचा संच वर्णिला. नळीच्या आत गोल टोकाचा दट्ट्या, कपाळावर आरसा, आणि रुग्ण गुडघे व छाती टेकून ओणवा. विसाव्या शतकाच्या आरंभी नळीला विजेचा दिवा जोडला गेला आणि सूर्याकडे पाठ करून निजण्याची गरज संपली.

उजेडापेक्षाही मोठा बदल मात्र नळीच्या धुण्यात झाला. १८६७ मध्ये लिस्टरने कार्बोलिक आम्लाचा प्रयोग प्रसिद्ध केला. १८७९ च्या सुमारास पॅरिसमध्ये शांबरलां याने दाबाखालील वाफेचे भांडे तयार केले. उकळत्या पाण्याने जे बीजाणू मरत नाहीत ते या वाफेने मरतात. वाफ आली आणि उपकरणांचे द्रव्यच बदलले. लाकडी आणि हस्तिदंती मुठी वाफेत टिकत नाहीत, त्यांच्या छिद्रांत घाण राहते, म्हणून त्या गेल्या. सुश्रुताने सांगितलेल्या चार द्रव्यांपैकी वाफेने एकच निवडले. निकेलचा मुलामा दिलेली पितळेची व पोलादाची उपकरणे काही काळ चालली, पण मुलामा उडे आणि खाली गंज धरे. १९१३ मध्ये शेफिल्ड येथे हॅरी ब्रिअर्ली याने क्रोमियम मिसळलेले न गंजणारे पोलाद तयार केले आणि पुढील काही दशकांत स्टेनलेस स्टीलची नळी सर्वत्र रूढ झाली. ती हजारो वेळा वाफेतून जाऊ शकते.

परंतु वाफेच्या आधी हात लागतो. नळीवर रक्त किंवा विष्ठा वाळलेली असेल तर उष्णतेने तिच्यातील प्रथिने गोठून धातूला चिकटतात आणि आतील जंतूंना जणू कवच मिळते. म्हणून आधी थंड पाण्यात धुणे, ब्रशने घासणे, बिजागरी व फटी उघडून साफ करणे हे अटळ असते. अमेरिकन जंतुशास्त्रज्ञ स्पॉल्डिंग याने १९६८ मध्ये रूढ केलेल्या वर्गीकरणात श्लेष्मल त्वचेला लागणारी उपकरणे मधल्या वर्गात येतात; ती प्रत्येक रुग्णानंतर वरच्या दर्जाच्या निर्जंतुकीकरणातून गेली पाहिजेत. पुसून परत ठेवणे याला त्यात जागा नाही.

हे न केल्यास काय होते याचे एक उदाहरण वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेले आहे. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातील एका दवाखान्यात यंत्राने मोठ्या आतड्याची धुलाई, म्हणजे एक प्रकारचे बस्तिकर्म, केले जात असे. जून १९७८ ते डिसेंबर १९८० या काळात तेथे उपचार घेतलेल्यांपैकी किमान ३६ जणांना अमीबाजन्य आतड्याचा रोग झाला. दहा जणांचे मोठे आतडे शस्त्रक्रियेने काढावे लागले आणि त्यांतील सहा दगावले. तपासात यंत्र विष्ठेने दूषित झालेले आढळले. महावग्गातील नियमात शस्त्रकर्माच्या जोडीला बस्तिकर्म का आले, याचा विचार करताना हे उदाहरण मला आठवते. राजगृहात अमीबाची कल्पना कोणाला नव्हती, तेव्हा नियमाच्या पोटी असे ज्ञान लपले होते असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण शस्त्र वर्ज्य केले की बस्ती आपोआप निर्दोष होते, हे षड्वर्गीयांचे अनुमान चुकीचे होते एवढे खरे.

विनयातील दुसरे कारण, जखम न भरणे, हे आजही पुष्कळसे शिल्लक आहे. भगंदर पुन्हा उद्भवतो. स्नायू कापला गेला तर त्याची भरपाई कठीण असते. १९६० च्या दशकापासून काशी हिंदू विश्वविद्यालयात क्षारसूत्राच्या जुन्या पद्धतीला नव्याने चालना मिळाली. क्षार लावलेला दोरा भगंदराच्या मार्गातून ओवून तो आठवड्या-आठवड्याने बदलावयाचा आणि मार्ग हळूहळू कापत भरत आणावयाचा, अशी ती पद्धत आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तुलनेत या पद्धतीने जखम भरण्यास अधिक काळ लागला, परंतु रोग पुन्हा होण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेपेक्षा कमी आढळले. शस्त्र चालविणे कठीण असलेल्या जागी शस्त्राऐवजी दोरा, हा मार्ग जीवकाच्या लेपाला अधिक जवळचा म्हणावा लागेल.

अलीकडच्या दशकांत एकदाच वापरून टाकून देण्याच्या प्लॅस्टिकच्या नळ्या आल्या. धनिक देशांतील अनेक रुग्णालयांनी त्या स्वीकारल्या; आपल्याकडे दोन्ही प्रकार चालतात. प्लॅस्टिकमुळे एका रुग्णाचा रोग दुसऱ्याला जाण्याची भीती उरत नाही, हा लाभ निर्विवाद आहे. धातूची नळी वाईट म्हणून टाकली जाते असे मात्र नाही. ती नीट धुण्यासाठी माणूस, पाणी, वेळ आणि वाफ यांची तजवीज करावी लागते आणि ती तजवीज नळीपेक्षा महाग पडते. जेथे सकाळच्या बाह्यरुग्ण विभागात रुग्णांची रांग लांब आणि ट्रेमधील नळ्या मोजक्या असतात, तेथे दोन रुग्णांमध्ये पुरेसा वेळ जाऊ देणे ही डॉक्टरच्या इच्छेची नव्हे, रुग्णालयाच्या अंदाजपत्रकाची बाब असते. टाकून दिलेली नळीही कोठे नाहीशी होत नाही. जैववैद्यकीय कचऱ्याविषयीचे नियम आपल्याकडे प्रथम १९९८ मध्ये व नंतर २०१६ मध्ये आले. २०१६ च्या नियमांप्रमाणे असे दूषित प्लॅस्टिक लाल पिशवीत जाते, निर्जंतुक होते, तुकडे होऊन पुनर्वापरासाठी जाते. ती पिशवी बांधून जिन्याने खाली नेणारा कामगार आणि पूर्वी पोलादी नळी ब्रशने घासणारा कामगार हे बहुतेक रुग्णालयांत एकाच वस्तीतून येतात, आणि पुष्कळ ठिकाणी त्यांना अजूनही हातमोजे मागून घ्यावे लागतात.